घरचं पथ्य

ठेच न लागता पायाचा अंगठा लालबुंद सुजला, म्हणून नांदगाव खंडेश्वरचे निवृत्त तलाठी धर्मपालजी बायको दुर्गाबाईंसोबत अमरावतीच्या डॉक्टरांकडे आले.

"नुसती चादर लागली तरी जीव जाते जी."

"मटण, बिअर?"

"दोन वर्षांपासून आमच्या घरी मटण शिजत नाई," दुर्गाबाईंनीच उत्तर दिलं.

डॉक्टरांनी त्यांना जरा बाहेर बसवलं. तेव्हा धर्मपालजी हळूच बोलले, "दर रविवारी दोस्ताच्या वावरात दोन्ही होते जी."

डॉक्टरांनी त्यांना युरिक अॅसिडसाठी रक्त द्यायला पाठवलं. ते जाताच दुर्गाबाई आत आल्या आणि दार लोटून त्यांनी चपलेतून पाय काढला.

 

"माया बी अंगठा असाच सुजला जी. माहेरी गेली का मटण होते, पण आमच्या ह्यायले सांगू नका."