‘सोर्स’चं कार्ड

शब्दकोशाच्या कचेरीत बाबांचा एक हट्ट सगळ्यांना तोंडपाठ होता. शब्द कुठून आला ते सापडेपर्यंत त्याचं कार्ड खोक्यात जायचं नाही. ‘उगम : अज्ञात’ असं कुणी लिहून आणलं, की ते कार्ड परत करत म्हणायचे, "शोधायचा कंटाळा आला, असं लिहा ना सरळ."

घरी मात्र लेकीनं लहानपणी "बाबा, मी कुणावर गेले हो?" असं विचारलं, की हाच माणूस चष्मा पुसत बसायचा.

बाबा गेले आणि त्यांच्या खुर्चीवर लेक आली. नव्या आवृत्तीसाठी एकेक कार्ड तपासता तपासता ती ‘सोर्स’पाशी पोचली. बाबांचं टपोरं अक्षर. मूळ लॅटिन, अर्थ उसळून वर येणे. तिथून फ्रेंच, मग इंग्रजी. खाली सात पुरावे. एवढ्याशा शब्दासाठी त्यांनी जिवाचं रान केलं होतं.

"काय माणूस होता," ती स्वतःशीच हसली.

कार्ड हाताला जरा जाड लागलं. मागे आणखी एक कार्ड टाचलेलं होतं, पार पिवळं पडलेलं. शब्दाच्या जागी तिचं घरातलं नाव होतं, छकुली. अक्षर बाबांचंच.

‘घरी आणली तेव्हा वय अंदाजे दहा दिवस.

उगम : अज्ञात. शोध मुद्दाम घेतला नाही.’