दुसरी गादी

जपानमधल्या सेंदाईत मी एकटीच राहते. रविवारी दुपारी गॅलरीत गादी उन्हात टाकते आणि व्हिडिओ गेममधल्या सशांच्या गावात मुळा पेरत बसते. जीव निवांत होतो.

"चाळिशीची झालीस, अजून ससे खेळवतेस!" फोनवर चिझुरुताई हसली.

तेवढ्यात गेममधली शेजारीण ससाबाई म्हणाली, "दोन्ही गाद्या आत घेतल्यास, बरं केलंस."

"ताई, ही ससाबाई म्हणते, दोन्ही गाद्या आत घेतल्या. माझ्याकडे एकच गादी आहे गं."

मी गॅलरीत पाहिलं. कठडा रिकामा होता. चिमटे ओळीनं मांडून ठेवले होते. "ताई, गादीच नाहीये इथं!"

"वाऱ्यानं पडली असेल. आणि ते गादी थोपटणं थांबव आधी, काही ऐकू येत नाही!"

मी काहीच थोपटत नव्हते. आवाज झोपायच्या खोलीतून येत होता.

मग तो थांबला.

स्क्रीनवर ससाबाई म्हणाली, "ये गं, अंथरूण घातलंय."