एवढी धूळ येते कुठून

"तात्या, फुंकर मारायची नाही. कितीदा सांगू? थुंकीचा ओलावा आत जातो."

दुरुस्तीवाल्या बाईंनी कॉम्प्युटरचं झाकण काढून मऊ ब्रश हातात घेतला होता. तात्या शाळकरी पोरासारखे मान डोलवत होते. दर शनिवारी त्यांचा कॉम्प्युटर धुळीने माखून या टेबलावर यायचा आणि शिकवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. आधी वायर काढायची. पंख्याचं पातं बोटाने धरायचं, मगच पंपाने हवा मारायची, नाहीतर पंखा गरगरा फिरून बिघडतो. आत फडकं तर घालायचंच नाही.

तात्यांना हे तोंडपाठ होतं. त्यांची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमधल्या यंत्रांची धूळ काढण्यात गेली होती. पण बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी नव्हतं, आणि या बाई रागावल्या की फार छान दिसत.

घर लख्ख. धूळ आणायची कुठून? म्हणून तात्या शुक्रवारी गच्चीवर जात, पाण्याच्या टाकीमागची धूळ कागदात गोळा करत आणि पंख्यावर मायेने भुरभुरवत.

"घरात गिरणी घातलीत का?" बाईंनी विचारलं.

"रस्त्यालगतचं घर आहे हो."

"बरं. पुढच्या शनिवारी मीच येते. बघते तरी, एवढी धूळ येते कुठून."

बाई घरी येणार! तात्यांनी त्या आनंदात पडदे धुतले, खिडक्या पुसल्या, कपाटाच्या वरचीही जळमटं काढली. सगळं चकाचक झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, घरात धुळीचा कणही उरला नव्हता. या घरात पाऊल टाकताच बाईंना सगळं कळणार. त्यापेक्षा आपणच आधी सांगून टाकलेलं बरं.

बुधवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते निघाले. वाटेत चार वाक्यं जुळवली, तीन विसरले.

दुकानाला कुलूप होतं.

"बाई आज कशा भेटतील?" शेजारच्या दुकानातला शिंपी शिवता शिवता म्हणाला.

"संध्याकाळी येतील का?"

"छे. शनिवारी या. तेव्हा माझी सुट्टी असते, पण त्या असतात."

"एकच दिवस?"

"दुकान त्यांनी मागच्या वर्षीच बंद केलं, काका. कोणी एक तात्या आहेत म्हणे, त्यांच्यापुरतं उघडतात."