खांबाजवळची खुर्ची

गोल झाला तेव्हा पाठमोरे काकांची मैदानाकडे पाठ होती. नेहमीच असायची. म्हणून तर हे नाव पडलं. खरं आडनाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच राहिलं होतं.

मैदानाच्या कडेला पिवळं जाकीट घालून उभं राहणाऱ्यांना नियम एकच. तोंड प्रेक्षकांकडे, पाठ खेळाकडे. बाटली कोण भिरकावतंय, कठड्यावर कोण चढतंय, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. वळून खेळ बघताना सापडला, की जाकीट उतरवून घरी. काकांनी सत्तावीस वर्षं हा नियम पाळला. सत्तावीस वर्षांत त्यांनी एकही गोल पाहिला नाही. पाहिले ते गोल झाल्यावरचे चेहरे. तेवढ्यावरून त्यांना सगळं कळायचं. चेंडू हुकला, की गोलरक्षकानं अडवला, हेसुद्धा ते छातीठोक सांगायचे.

आताही समोरची गॅलरी एकदम उठून उभी राहिली. सामना संपायला दोन मिनिटं उरली होती आणि अडतीस वर्षांनी कप घरी येत होता. एक टकले गृहस्थ शेजारच्या अनोळखी बाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडत होते. बाई बिचाऱ्या त्यांना थोपटत होत्या. बसून राहिला होता तो फक्त एक जण. सहावी रांग, खांबाजवळची खुर्ची. काकांचा मुलगा.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका सामन्याच्या दुपारी काकांची बायको दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती. सकाळी तिला बरं वाटत होतं, म्हणून काका कामावर आले होते. कामावर असताना फोन कपाटात ठेवायचा, हाही नियमच. मुलानं अकरा वेळा फोन केला. काकांनी कपाट उघडलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. "परक्यांची तोंडं बघत उभे राहिलात तुम्ही," एवढंच मुलगा बोलला. मग तो छापखान्याजवळ खोली घेऊन वेगळा राहिला. अबोला धरला तो धरलाच. घरात काका दोन कप चहा टाकायचे आणि एक ओतून द्यायचे. सवय जाता जात नव्हती.

महिन्याभरानं मुलगा सहाव्या रांगेत येऊन बसला. मग प्रत्येक सामन्याला येऊ लागला. काकांना नवल वाटलं. लहानपणी चेंडू अंगावर आला तरी भोकाड पसरणारं हे पोर! लागलं असेल वेड, लागतं एखाद्याला. जागा मात्र त्यानं निवडली होती एकदम भिकार. त्या खांबामुळे गोलपोस्ट दिसायचाच नाही. सगळ्यांत शेवटी विकली जाणारी खुर्ची ती. आजोळचा चिक्कूपणा उतरलाय, असं काका मनात म्हणायचे.

थेट त्याच्याकडे बघायची मात्र काकांची छाती नव्हती. नजरेला नजर भिडली आणि तो उठून गेला, तर? ते आपले डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचे. तो इकडेच तोंड करून बसलेला असायचा. मैदान इकडेच होतं. पण तो कधी ओरडायचा नाही, टाळी वाजवायचा नाही. बापाचं तोंड समोर असल्यावर पोराला आनंद कसला व्हायचा, असं काका धरून चालले होते.

आज त्यांचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी जाकीट परत करायचं होतं. त्याचं काही नाही. पण मग हा चेहरा कुठे बघायचा? सकाळपासून हेच त्यांना खात होतं. म्हणून त्यांनी मनाशी ठरवलं होतं, आज जिंकलो तर त्याच्याकडे जायचं आणि गोल कसा झाला ते विचारायचं. गोलाबद्दल विचारलं तर फुटबॉलवेडा वैऱ्याशीही बोलतो.

शिट्टी वाजली. आणि गॅलरी कठड्यावरून खाली सांडली. "अडवा! अडवा!" कानातल्या यंत्रातून साहेब ओरडले, आणि लगेच म्हणाले, "राहू द्या, सोडा. कुणाचा हातपाय मोडायला नको." काकांच्या दोन्ही बाजूंनी माणसं मैदानात धावत सुटली. कुणी त्यांची टोपी पळवली, कुणी गालाचा मुका घेतला. आता वळून बघितलं असतं तरी कुणी विचारणार नव्हतं. काका वळले नाहीत. कठड्यावरून एक पाय टाकला, मग कण्हत दुसरा, आणि सगळे खाली येत असताना ते वर चढू लागले.

सहाव्या रांगेपर्यंत पोचताना गुडघे बोलायला लागले होते. मुलगा तसाच बसून होता. काका एक खुर्ची सोडून बसले.

"गोल कसा झाला रे?" त्यांनी विचारलं. "मला नाही दिसला."

मुलगा खुर्चीच्या कडेला सरकला. खाली हजारो माणसं नाचत होती. काकांना वाटलं, आता उठून जाणार हा.

"मलाही नाही दिसला, बाबा," तो म्हणाला. "या खांबाआडून गोल कुठला दिसतोय?"

"मग तीन वर्षं इथेच का बसतोस?"

"इथून तुम्ही दिसता."