दोनदा धूसर

पडद्यावर मेंदूच्या चित्रात बोलण्याची जागा दाखवणारा लाल डाग गाठीवर पुरता पसरला होता, आणि ताईंनी तसं सर्जनना फोनवर कळवूनही टाकलं होतं. दुभाष्याचं काम करणाऱ्या या पेशंट बाईंच्या मेंदूत बोलण्याची जागा आणि गाठ एकमेकींत गुंतल्या आहेत. मग हात लावण्यात अर्थ नाही, सर्जन म्हणाले. दुपारी त्यांना घरी पाठवतो.

फोन ठेवला आणि ताईंच्या मनाला काहीतरी टोचायला लागलं. एकोणीस वर्षं त्या मेंदूचे हे नकाशे काढत होत्या. इतक्या मऊ कडांचा डाग त्यांनी कधी पाहिला नव्हता.

शेजारच्या टेबलावर त्यांची धाकटी सहकारी बसली होती. तिला हे काम ताईंनीच हात धरून शिकवलेलं. नव्या प्रोग्रामच्या प्रशिक्षणाला मात्र ती एकटीच गेली. चार बटणं इकडची तिकडे गेली असतील, त्यात काय शिकायचं, असं म्हणून ताईंनी रजा टाकली होती.

ताई खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. "जरा बघतेस? माझं काहीतरी चुकतंय."

धाकटी एकेक पायरी विचारत गेली. चौथ्या पायरीला थांबली. चित्रातली खरखर घालवायला ते थोडं धूसर करावं लागतं. पूर्वी ते आपण करायचं. नवा प्रोग्राम न विचारता स्वतःच करतो. ताईंनी सवयीने ते आधीच करून ठेवलं होतं. दोनदा धूसर झालेला डाग ओघळून गाठीवर चढला होता.

पहिल्या दिवशी मीही हेच केलं, धाकटी हळूच म्हणाली. ताईंना ते खरं वाटलं नाही, पण बरं वाटलं.

मूळ चित्रावरून सगळं पुन्हा चालवायला चाळीस मिनिटं लागली. ताई जागच्या हलल्या नाहीत. या वेळी डाग लहान आला, गाठीपासून बोटाच्या पेराएवढा लांब. धाकटीने दुसऱ्या मशीनवर वेगळा काढून पाहिला. तिथेच आला.

ताईंनी फोन लावला. चूक माझी होती, हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं.

"आता खात्री आहे?" सर्जननी विचारलं.

"खात्री सकाळीही होती," ताई म्हणाल्या. "आता तपासलंय."

सर्जननी फोन बाजूला धरला असावा. त्यांचा आवाज लांबून आला, नर्सशी बोलताना. "त्या बाईंना सांगा, पिशवी भरू नका."