उंच आहे तोवर

अवकाशस्थानकातलं स्वयंपाकयंत्र मोठं शिस्तीचं. होळीची पुरणपोळीसुद्धा ज्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, पंचविसाच्या आत, त्यालाच मिळायची. दहा दिवसांपूर्वी नळदुरुस्तीला आल्या तेव्हा शेवंताबाईंचा साडेपंचवीस भरला होता. आज मोजणीच्या खुर्चीने सव्वाचोवीस सांगितला आणि त्यांच्या डब्यात तुपाने माखलेली पोळी आली.

"कामाने वजन उतरलं बघा!" त्या खुशीत म्हणाल्या.

डॉक्टर कुलासो हसले. "मावशी, वजन होतं तेवढंच आहे. इथे पाठीवर भार नाही, म्हणून कणा सैल होऊन तुमची उंची दीड इंच वाढलीये. पृथ्वीवर उतरलात की पुन्हा पहिल्यासारखी."

"परतीचं यान कधी?"

"उद्या सकाळी."

शेवंताबाईंनी पाठ ताठ केली आणि रिकामा डबा यंत्रापुढे धरला.

"मग आणखी एक दे रे बाबा, उंच आहे तोवर."