काचेवरची नावं

"जीप तं महिंद्रानी ऱ्हास!" भाईदासनानांनी चौथ्यांदा सांगितलं.

नवलनं कपाळावर हात मारला. पाचोऱ्यात रतिलालच्या रेडियमच्या दुकानासमोर त्याची कोरी करकरीत जीप कंपास गाडी उभी होती. मागच्या काचेवर नावं टाकायची, एवढंच काम. पण गाडीभोवती सात रिकामटेकडे जमले आणि त्यांत हे सख्खे काकाच निघाले. गाडी घेणं सोपं, ती कोणाची हे काकांना समजावणं महाकठीण.

नवलची बायको मागच्या चाकाजवळ उभी होती. काचेवर आपलंही नाव असावं, असं ती सकाळी म्हणाली होती. लग्नानंतर पहिल्यांदाच काही मागितलं होतं. "पोरनं लिखतस, मायनं लिखतस. बायकोनं कोन लिखस? लोके हासतीन," म्हणून नवलनं विषय मिटवला होता. रतिलालला चिठ्ठी दिली ती अशी: वर 'झुलाल आबांची कृपा', खाली 'नवल' आणि 'पियुष'. बाप, आपण, मुलगा. झालं! तिला ते फार लागलं होतं, पण चारचौघांत बोलायची सवय नव्हती.

रतिलाल आबांची कृपा चिकटवत होता.

"नाना, आते ध्यान दिसन आयका," नवल दातओठ खात म्हणाला. "नाव जीपनं शे, पन बनस रांजणगावले. टाटा आनि फियाटवालास्नी भागीमा कंपनी शे. निम्मी यास्नी, निम्मी त्यास्नी. ती बनाडस."

नाना पुढं गेले. बॉनेट न्याहाळलं. चाकांच्या टोप्यासुद्धा तपासल्या.

"मंग टाटानं नाव कोठे शे?"

"नही शे."

"नाव नही, तं तेस्ना काय संबंध?"

नवलचं डोकंच फिरलं. "नाव लिखेल नही म्हनीसन काय तेस्नी बनाडीच नही? निम्मी मेहनत जेनी करी, निम्मी गाडी तेनी! वर नाव कोनंबी राहो!"

तेवढ्यात चाकाजवळून आवाज आला.

"मंग आपला वेफर्सना कारखाना कोना शे?"

आठ वर्षं पहाटे पाचला केळी सोलायला बसायची ती. कढईपुढं उभी राहायची ती. पाकिटं भरून घ्यायची ती. नवल बाजार बघायचा. पाकिटावर आणि पाटीवर 'नवल वेफर्स'. तिथल्या सातही जणांनी ते खाल्ले होते.

नवलनं नानांकडं बघितलं, तर इतका वेळ बोलणारे नाना आभाळ बघत होते.

"रतिलालभाऊ," शेवटी तो चिडक्याच आवाजात म्हणाला, "पियुष खाली घ्या. माझ्या शेजारी जागा करा. अक्षरं माझ्याएवढीच."

रतिलाल कॉम्प्युटरवर बसला. बोटं तशीच थांबली.

"वहिनीचं नाव काय टाकू?"

नाना आठवत राहिले. ते तिला पियुषनी माय म्हणत. दुकानदार वहिनी म्हणत. नवल तर नुसतं 'अवं' म्हणे.

"नूतन," ती म्हणाली.